मोहिमेत ‘नाही’ कुणी म्हणायचं?



दसरा उलटला, पाऊस मागे हटला, की पुण्या-मुंबईच्या फोर-बाय-फोर क्लबांना रविवार पुरत नाहीत. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे या भागातल्या आडवाटांना भल्या सकाळी गाड्यांची रांग लागते. थार, गुरखा, जिम्नी, मधूनच कुणीतरी जिवापाड जपलेली जिप्सी. टपावर फावडं, पुढच्या बंपरला विंच, आणि मागच्या सीटवर फरसाणाचे पुडे.

तशी फोर-बाय-फोर गाडी आपल्याला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलीज जीप 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवली जाऊ लागली, आणि पुढे कितीतरी वर्षं तालुक्याचे डॉक्टर, पाटबंधाऱ्याचे साहेब, साखर कारखान्याचे अध्यक्ष तिच्यातूनच हिंडले. त्यांना रस्ता नव्हता म्हणून जीप लागायची. आपण असलेला रस्ता सोडून मुद्दाम खाली उतरतो. गरजेनं निघालेला माणूस जपून जातो, कारण त्याला कुठेतरी पोचायचं असतं. हौसेनं निघालेल्याला कुठेच पोचायचं नसतं. म्हणून थांबायचं कुठे, हे त्याला आधीच ठरवून द्यावं लागतं. दहा-बारा गाड्यांची एक दिवसाची मोहीम आखायची म्हणजे मुख्यतः हेच ठरवायचं. ‘चला’ म्हणणारे खूप मिळतात. ‘नाही’ कुणी म्हणायचं, आणि कधी, हे घरी बसून ठरवलेलं असलं पाहिजे.

पहिला ‘नाही’ जमिनीचा. नकाशावर वाट दिसली म्हणून ती आपली होत नाही. सह्याद्रीत मोकळी दिसणारी जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, गावाचं गायरान असते, नाहीतर वनखात्याची असते. मालकाला प्रत्यक्ष भेटा, ग्रामपंचायतीला लेखी कळवा. सरपंचांनी मान डोलावली म्हणजे बांधावरच्या शेतकऱ्यानं परवानगी दिली असं होत नाही. अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय शिरताच येत नाही, तेव्हा तिथली वाट विचारातच घेऊ नका.

सडे आणि पठारं यांचंही तसंच. कासचं पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण यादीत नसलेल्या सड्यांवरही कातळावर मातीचा पातळ थर असतो, आणि पावसाळी फुलांचा सगळा संसार त्या थरावर चालतो. जड गाडीचं चाक तिथं गरकन फिरलं की तो थरच खरवडून निघतो. कोकणातल्या वाळूवर गाडी घालायचा मोह तर मुळीच नको. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, ती वाळूच्या पोटात असतात आणि ड्रायव्हरला दिसत नाहीत.

पावसाळ्यातच जायची हौस असेल, तर भाताच्या आवणीचे दिवस टाळा. खाचराचा बांध चाकाखाली फुटला तर रात्रीत पाणी वाहून जातं आणि घरभराच्या माणसांची मेहनत त्याच्याबरोबर जाते. पाणंद रस्त्यावर समोरून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची ती आपण. रस्ता त्यांचा आहे.

वाट ठरली की मोहिमेच्या आठवडाभर आधी तिची पाहणी करा, आणि मधे पाऊस पडला तर आदल्या दिवशी पुन्हा करा. पाहणीला गावातला माणूस बरोबर घ्या, आणि दिवस बुडतो म्हणून त्याला मोबदला द्या. मुळशीतल्या एका पाहणीत आम्ही एका हिरव्यागार सपाटीकडे बोट दाखवलं. गाड्या लावायला, जेवायला झकास जागा. बरोबरचे ट्रॅक्टरवाले काका म्हणाले, “तिथं दुपारच्या म्हशी बसतात, साहेब. तुमची गाडी बसली तर काढायला आलेला माझा ट्रॅक्टरबी बसंल.” उपग्रहाच्या नकाशात म्हशी दिसत नाहीत. पाहणीत प्रत्येक अवघड जागेला वळसा आहे का, तेही बघून ठेवा. ज्या चढाला वळसा नाही, तो चढ नवख्यांच्या मोहिमेत नको.

दुसरा ‘नाही’ गाडीचा. निघायच्या आधी एका माणसानं प्रत्येक गाडी खालून-वरून बघायची. पुढे आणि मागे, चासीला पक्के बसवलेले ओढायचे हुक आहेत का? बॅटरी नीट आवळली आहे का? स्टेपनीत हवा आहे का? आत जॅक, पाण्याचे कॅन सुटे तर पडलेले नाहीत ना? गाडी कलंडली तर सुटा जॅक माणसाच्या डोक्यात बसतो. आणि मुख्य म्हणजे, गाडीला फोर-लो आहे का? नुसतं ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह’ लिहिलं म्हणजे झालं असं नाही. फोर-लोमध्ये चाकं सावकाश फिरतात आणि त्यांच्यावर येणारा जोर वाढतो. म्हणूनच उतारावर ब्रेक न दाबता गाडी गिअरच्या आधारानं मुंगीच्या पावलानं उतरवता येते. ती सोय नसेल तर त्या सभासदाला गोड शब्दांत नाही म्हणायचं, आणि दुसऱ्याच्या गाडीत जागा द्यायची.

अवघडपणाची पातळी ठरवताना सगळ्यात तरबेज ड्रायव्हर डोळ्यांसमोर ठेवू नका. ज्यानं परवाच गाडी घेतली आहे, ज्याच्या गाडीचे टायर अजून हायवेचेच आहेत, त्याच्याकडे बघून वाट निवडा. तरबेजांना वेगळी तुकडी द्या. आणि कृपा करून घड्याळ लावून शर्यत ठेवू नका. आपल्या मोटार विम्यात आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. साध्या सहलीला तुमची पॉलिसी लागू पडते का, हेही कंपनीला आधी लेखी विचारून घ्या.

तिसरा ‘नाही’ घड्याळाचा, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. साधा हिशोब करू. बारा गाड्या आहेत, एका अवघड जागेवर गाडीमागे पाच मिनिटं धरा. झाला एक तास. अशा पाच जागा ठेवल्या तर पाच तास तिथंच गेले. दोन गाड्या अडकल्या, प्रत्येकीला अर्धा तास, म्हणजे सहा. जेवण एक तास, सात. सकाळी टायरमधली हवा कमी करायला आणि संध्याकाळी पुन्हा भरायला मिळून एक तास, म्हणजे आठ. सकाळी नऊला निघालात तर पाच वाजले, आणि ऑक्टोबरअखेर पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाताशी उरला जेमतेम एक तास, तोही घाटात. म्हणून परत फिरायची वेळ कागदावर लिहा. दुपारी तीनला जिथं असाल तिथून गाड्या माघारी वळतील, मग शेवटचा चढ राहिला तरी चालेल. तो चढ पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे.

टायरमधली हवा म्हटलं, ते जरा स्पष्ट करतो. डांबरी रस्त्यावर आपण साधारण बत्तीस-तेहतीस पीएसआय हवा ठेवतो. कच्च्या वाटेवर ती वीसच्या आसपास आणली की टायर जमिनीवर जास्त पसरतो, पकड वाढते आणि दगडाचा मार सोसतो. पंधराच्या खाली मात्र जाऊ नका. वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. आणि कमी हवेवर परत हायवेला लागायचं नाही. टायर तापतो आणि फुटतो. तेव्हा दोन-तीन गाड्यांत तरी कंप्रेसर हवाच.

आता माणसं. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे दुरुस्ती आणि ओढाओढी येणारा. शेवटच्या गाडीच्या मागे आपलं कुणी नाही, हे पक्कं ठाऊक असलं पाहिजे. प्रत्येकानं आरशात मागची गाडी दिसते का ते बघत राहायचं. दिसेनाशी झाली तर थांबायचं. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून संपर्काला वायरलेस संच लागतात. इथं एक इशारा. बाजारात मिळतो म्हणून कुठलाही वॉकी-टॉकी उचलू नका. 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा सरकारनं नागरिकांसाठी कमी शक्तीच्या संचांना विनापरवाना खुला ठेवला आहे. इतर संचांचा नियम आधी तपासा.

अवघड जागी ड्रायव्हरला वाट दाखवणारा एकच माणूस हवा. आपल्याकडे गाडी दगडावर आली की दहा जण भोवती जमतात आणि ओरडतात, “येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे!” एक डावीकडे म्हणतो, दुसरा उजवीकडे, आणि काच खाली करून बसलेला ड्रायव्हर तिसरीकडेच घेतो. तेव्हा एकाच माणसानं, ड्रायव्हरला दिसेल अशा जागी उभं राहून, हातानं खुणा करायच्या. बाकीच्यांनी तोंड मिटून लांब राहायचं. त्यानं मूठ वळली की गाडी थांबलीच पाहिजे. चढावर एक गाडी माथ्यावर पोचल्याशिवाय दुसरी खालून सुटणार नाही. आणि चढ अर्ध्यावर सुटला तर गाडी आडवी वळवायची नाही. रिव्हर्स गिअर टाकून आलात तशाच सरळ मागे या. गाडी उलटण्याचा धोका असतो तो याच क्षणी.

आणि चौथा ‘नाही’, अडकलेली गाडी काढताना. दिवसातली खरी जोखीम इथं आहे. गाडी चिखलात रुतली, की पहिली प्रतिक्रिया ॲक्सिलरेटर दाबायची असते. चाक फिरतं तसं खोल जातं. आधी इंजिन बंद. खाली उतरा, फावडं घ्या, चाकांपुढचा चिखल काढा, पोटाखाली दगड टेकला आहे का बघा. पाच मिनिटांच्या खणण्यानं निम्मं काम होतं. मग दोर. ताणून झटका देणारा नायलॉनचा दोर वेगळा, आणि न ताणणारा ओढपट्टा वेगळा. पट्ट्यावर झटका दिला तर तो तुटतो किंवा हुकच उखडतो. दोर अडकवायचा तो चासीच्या हुकाला, शॅकलनं, म्हणजे जोडकडीनं, आणि ती किती वजन पेलते ते तिच्यावर कोरलेलं असलं पाहिजे. मागचा ट्रेलर जोडायचा गोळा दिसायला दणकट दिसतो, पण तो अशा झटक्यासाठी बनवलेला नसतो. ताणलेल्या दोरासकट तो सुटला तर गोळीसारखा येतो, आणि यात जगभर माणसं गेली आहेत. दोराच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जुनं घोंगडं टाका, म्हणजे तुटला तरी कमी उसळतो. गाड्यांत फक्त दोघे ड्रायव्हर. बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि फोटो काढणारे त्याहून लांब. एखादा जरी जवळ उभा असेल तरी ओढायला सांगायचं नाही.

पाण्याचंही तेच. ओढा दिसला की गाडी घालायच्या आधी कुणीतरी काठी घेऊन चालत पलीकडे जायचं. चालताना पाय टिकत नसेल तर गाडीही टिकणार नाही. हवा ओढणाऱ्या नळीतून इंजिनात पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, दोरानं बाहेर काढा. पाणी गढूळ आणि वाढतं असेल तर चर्चाच नको. माघारी.

निघताना सीटबेल्ट सगळ्यांना, दारू कुणालाच नाही, आणि आयोजकाकडे प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा नंबर. 108 ला फोन लावायचा तर गावाचं नाव, जवळची खूण आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते, हे कागदावर तयार ठेवा. गोंधळात ते कुणालाच आठवत नाही. जेवण शहरातून पाकिटात नेण्यापेक्षा गावातल्या बचत गटाला आधी सांगा. पिठलं-भाकरी आणि ठेचा गरम मिळतो आणि पैसे गावात राहतात. परतताना कचरा मोजून आणा, कुणाचा बांध खचला असेल तर तिथंच, त्याच दिवशी भरून द्या. पुढच्या वर्षी त्या वाटेवर आपल्याला कोण कसं बोलावतं, ते यावरच ठरतं.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या क्लबची मोहीम ठरत असेल, तर पहिल्या बैठकीत गाड्यांची यादी करण्याआधी एक नाव ठरवा. ज्याच्या हाती परत फिरण्याचा शब्द असेल, असा माणूस. त्याचं नाव सगळ्यांना सांगा, अध्यक्षांनाही. आणि त्या दिवशी त्यानं ‘आता नाही’ म्हटलं, की वाद न घालता गाडी वळवा.