बरगडीवरची गाठ

बरगडीच्या हाडालाही गाठ येते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते. माधवनगरसारख्या गावात पोती उचलणारे, शेतात राबणारे लोक फार. छाती दुखली की ‘लचक भरली असेल’ म्हणायचे आणि तेल चोळायचे! लचक चार-आठ दिवसांत ओसरते. हाडावर घट्ट बसलेली, महिन्यागणिक वाढणारी गाठ ओसरत नाही. कधी ती दुखतही नाही, म्हणून तर दुखणे अंगावर काढले जाते.

आता अशी गाठ म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. काही गाठी निरुपद्रवी असतात. कधी बरगडीचा क्षय असतो. कधी दुसऱ्या अवयवातला कर्करोग हाडात उतरलेला असतो. मुळात बरगडीतच उपजणारा कर्करोग विरळा. मोठ्या माणसांत त्यातला मुख्य कूर्चेचा, म्हणजे ‘कॉन्ड्रोसार्कोमा’. बरगडी पुढल्या बाजूस कूर्चेला मिळते, तिथे तो बहुधा धरतो. मुलांत ‘युइंग सार्कोमा’ आढळतो. त्यात कधी तापही येतो, आणि पू धरला असे वाटून फसगत होते. गुरुजींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

राँटगेन साहेबांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले खरे, पण नुसत्या त्या चित्रावर इथे भागत नाही. सीटी स्कॅन वा एमआरआय होतो, मग सुईने तुकडा काढतात. तो कोठून काढायचा, हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवलेले बरे. कारण सुईची वाटही गाठीबरोबर कापून काढायची असते. ‘पू काढू’ म्हणून कुणी भलतीकडे चीर दिली, तर रोग भोवताली पसरायला वाट मिळते.

उपचार दोहोंचे निराळे. कूर्चेच्या गाठीला औषधे आणि किरण फारसे लागू पडत नाहीत. भोवतालच्या निरोगी भागासह बरगड्या काढाव्या लागतात. मोठे भगदाड पडले तर ते जाळी व हाडांच्या सिमेंटने बुजवतात, नाहीतर श्वासागणिक छाती तिथे आत ओढली जाते. युइंगला आधी औषधे, मग शस्त्रक्रिया किंवा किरण.

जायचे कोठे? डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले ते मिरज जवळच आहे. पहिली तपासणी मिरज-सांगलीस होते. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचेच काम करते. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधी करावी. जाताना जुनी चित्रे, अहवाल आणि तुकडा काढला असेल तर प्रयोगशाळेतला मेणाचा ठोकळा व काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात.