चष्म्यातील फरशी



मल्टिपल स्क्लेरॉसिस हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले नसेल. शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली या व्याधीचे पद्धतशीर वर्णन केले. हिच्यात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच मज्जातंतूंवरील वेष्टनावर उलटते. जायकवाडीच्या कालव्याचे अस्तर फुटले म्हणजे शेवटच्या शेताला पाणी उशिरा पोचते, थोडे पोचते किंवा पोचतच नाही. मेंदूच्या आज्ञांचे नेमके तसेच होते. पाय जड होतात, तोल जातो, थकवा सोडत नाही. पाहणारे मात्र म्हणतात, “हा दारू प्यायला असेल,” किंवा “ही कामचुकार आहे.” हा आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो. त्याचा जोर रोखणारी औषधे आज आहेत, पण समूळ उपाय नाही. म्हणून आहे ती शक्ती राखणे याला फार महत्त्व.

पूर्वी अशा रुग्णाला विश्रांती सांगत. आज बेताचा, नियमित व्यायाम सांगतात. त्यात एक नवे साधन आले आहे. चष्म्यातून समोरची खरी खोली दिसते आणि तिच्यावरच एक कृत्रिम चित्र उमटते. हैफा येथील बरम आणि मिलर यांनी २००६ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्ण चालू लागला की त्याला चष्म्यात फरशा दिसत आणि त्यांच्या आधाराने तो पावले टाकी. चाल सुधारली, चष्मा उतरवल्यावरही ती सुधारणा काही वेळ टिकली. पायांकडून येणारी खबर तुटली, तर डोळे तिची उणीव थोडीफार भरून काढतात, हे त्यातले मर्म. असे अभ्यास अजून लहान आहेत. तेव्हा यास संजीवनी समजू नये.

मग परभणीकरांना याचे काय? मुंबईस हाजीअली येथे १९५५ पासून पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे. परंतु दहा पावलांत थकणाऱ्या माणसाने तेथे किती वेळा जावे? शिवाय उष्णतेने या रुग्णांची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे उथॉफने १८९० मध्येच नोंदले आहे; आणि आपला वैशाख आपण जाणतोच. व्यायाम घरी, पहाटेच्या गारव्यात करता आला, तर त्याची किंमत मुंबईपेक्षा येथे अधिक.

पण एकट्याने चष्मा चढवून तोल गेला, तर हाड मोडायचे. म्हणून यंत्राआधी शिकवणारा माणूस हवा. त्याने नीट दाखवून दिले, तर घरच्या शहाबादी फरशीवर खडूने आखलेल्या रेघाही सरावाला उपयोगी पडू शकतील. २०१६ च्या कायद्याने या व्याधीला अपंगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे. त्या हक्काने आपल्या जिल्ह्यात व्यायामोपचाराची सोय मागणे, आणि अडखळत चालणाऱ्याला हसण्याआधी हात देणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे, ही विनंती.