गुलबर्ग्याची जामा मशीद

सोलापूरहून दक्षिणेस जाणाऱ्या आगगाडीनें गाणगापूरच्या दत्तदर्शनास निघालेलीं मराठी कुटुंबें गाणगापूर रोड स्थानकावर उतरतात. त्याच लोहमार्गानें थोडें पुढें गेलें कीं गुलबर्गा लागतें. २०१४ सालापासून या शहराचें अधिकृत नांव कलबुर्गी असें झालें आहे. परंतु मराठी बोलण्यांत गुलबर्गा हें नांव अद्याप रुळलेलें आहे. येथें दोन स्थळें विशेष विख्यात आहेत. एक, ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा दर्गा. आणि दुसरें, जुन्या किल्ल्याच्या तटांत उभी असलेली जामा मशीद. दर्ग्याचा महिमा सांगण्यास कोणी वाटाड्या लागत नाहीं. मशिदीविषयीं मात्र एकच वाक्य वारंवार ऐकूं येतें, तें असें कीं, स्पेन देशांतील कॉर्डोव्हाच्या मशिदीची ही प्रतिकृति होय. इंग्रजी अमदानींतील वर्णनग्रंथांतून तें वाक्य पसरलें आणि पुढें जो तो त्याचीच पुनरुक्ति करीत राहिला. दक्षिणेंतील एका स्वतंत्र प्रज्ञेच्या इमारतीचें श्रेय त्या एका वाक्यानें समुद्रापलीकडील परक्या नगराच्या पदरांत टाकलें आहे. तेव्हां तें वाक्य कितपत टिकतें, हें तपासून पाहणें अगत्याचें आहे.

ही मशीद केव्हां आणि कोणी बांधली याची साक्ष तिच्या शिलालेखांतच मिळते. बहमनी घराण्यांतील पहिला महंमदशहा याच्या कारकीर्दींत, हिजरी ७६९ म्हणजे इ. स. १३६७ मध्यें, ती उभी राहिली. बांधणाराचें नांव रफी; त्याचें घराणें इराणांतील कझवीन शहरचें. याच्या वीस वर्षें आधीं, १३४७ सालीं, महंमद तुघलकाविरुद्ध उठलेल्या दख्खनी सरदारांनीं दौलताबादेस अल्लाउद्दीन हसन बहमनशहा याला गादीवर बसविलें होतें. पुढें गुलबर्गा ही राजधानी झाली. म्हणजे दिल्लीशीं नातें तोडून स्वतःच्या पायांवर उभें राहूं पाहणाऱ्या एका तरुण राज्याची ही मशीद होय.

तिचें वेगळेपण ध्यानीं येण्यास मशिदीची रूढ रचना आधीं डोळ्यांपुढें आणावी लागते. हिंदुस्थानांतील मोठ्या जामा मशिदींत मध्यभागीं विस्तीर्ण उघडें अंगण असतें. मक्केची दिशा येथून पश्चिमेची, म्हणून पश्चिमेस नमाजाचें दालन आणि उरलेल्या तिन्ही बाजूंस ओवऱ्या असतात. दौलताबादची १३१८ मधील मशीद याच धर्तीची आहे. जुन्या देवळांचे खांब तिच्यांत वापरलेले आहेत. बहमनी राज्याचा आरंभच दौलताबादेस झाला असल्यामुळें हा नमुना त्या राज्यकर्त्यांच्या नित्य परिचयाचा होता.

असें असून गुलबर्ग्यास अंगणच नाहीं! जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकानें १८७६ सालच्या आपल्या ग्रंथांत या इमारतीचें माप पूर्वपश्चिम २१६ फूट व दक्षिणोत्तर १७६ फूट असें दिलें आहे. सुमारें अडतीस हजार चौरस फुटांची ही सारी जागा छपराखालीं आहे. जेथें अंगण अपेक्षावें तेथें भक्कम चौकोनी खांबांच्या रांगा असून ते एकमेकांस कमानींनीं जोडलेले आहेत, आणि चार चार खांबांच्या मधल्या प्रत्येक चौकावर एकेक लहान घुमट आहे. असे साठांहून अधिक घुमट रांगेनें बसविलेले आहेत. उत्तर, पूर्व व दक्षिण या बाजूंस रुंद ओवऱ्या. चार कोपऱ्यांवर चार मोठे घुमट. आणि पश्चिमेस, मेहराबीच्या समोर, सर्वांत मोठा घुमट. हा मुख्य घुमट एका चौरस मजल्यावर उचलून धरलेला असल्यामुळें भोवतालच्या लहान घुमटांमधून तो सहज वर उठून दिसतो.

सगळी जागा झांकली तर आंत उजेड कोठून यावा, हा प्रश्न बांधणारापुढें अवश्य आला असेल. त्याचें उत्तर ओवऱ्यांत सांपडतें. एरवीं बाहेरची बाजू कोऱ्या भिंतीनें बंद करण्याची चाल. येथें ती कमानींनीं उघडी ठेवली आणि उजेड बाजूंनीं आंत घेतला. ओवऱ्यांतील या कमानी हाच मशिदीचा सर्वांत लक्षणीय भाग म्हणावा लागेल. त्यांचा पल्ला फार रुंद आहे, परंतु ज्या ठिकाणाहून त्या वळण घेतात तें ठिकाण जमिनीपासून फारसें उंच नाहीं. ठेंगण्या पायांवर एवढी रुंद कमान पाहण्याची डोळ्यांस संवय नसते. पहिल्यानें ती विचित्र वाटते. पण अशा कमानींची एकामागून एक रांग पाहूं लागलें कीं तींत एक गंभीर लय आहे असें प्रत्ययास येतें. आंत कोरीव कामाचा सोस नाहीं. गिलाव्याच्या साध्या पांढऱ्या पृष्ठभागावर छाया आणि प्रकाश आळीपाळीनें पडतात, हीच काय ती शोभा. उन्हाळ्यांत जेथें उष्णतामान चाळिसांच्या वर जातें, त्या प्रदेशांत या सावलीचें मोल वेगळें सांगण्याची गरज नाहीं.

आतां कॉर्डोव्हाकडे वळावें. तेथील मशिदीचा आरंभ ७८५ सालीं पहिल्या अब्दुर्रहमानानें केला आणि पुढील दोन शतकांत ती वाढत गेली. तिच्यांत साडेआठशेंहून अधिक खांब आहेत; त्यांपैकीं कित्येक जुन्या रोमन इमारतींचे आहेत. ते सडपातळ दगडी खांब असून त्यांच्यावर तांबड्या विटांच्या व पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांच्या दुमजली कमानी आहेत, आणि त्यांवरील मूळचें छत लांकडी होतें. गुलबर्ग्यास गोल खांब नाहींत, दुमजली कमान नाहीं, लांकडी छत नाहीं. आहेत ते जाड चौकोनी खांब आणि घुमट. शिवाय मुख्य मुद्दा अंगणाचा. कॉर्डोव्हाच्या मशिदीस नारिंगांच्या झाडांचें प्रशस्त अंगण आहे. गुलबर्ग्याची सारी ख्याति तें नसण्यांत आहे! काळाचा हिशेबहि प्रतिकूलच आहे. १२३६ सालीं कॉर्डोव्हा ख्रिस्ती राजानें जिंकलें आणि मशिदीचें चर्च झालें. रफीनें काम पुरें केलें तेव्हां त्या गोष्टीस १३१ वर्षें लोटलीं होतीं. खांबांच्या रांगांचें अरण्य दोन्हीकडे आहे, एवढें एकच साम्य उरतें; आणि तेवढ्यावरून नक्कल ठरत नाहीं.

खरीं नातलग मंडळी शोधावयाचीं तर तीं अन्यत्र आहेत. दिल्लीची खिडकी मशीद याच चौदाव्या शतकांतील तुघलकी बांधणीची. तिचेंहि बरेंचसें अंगण झांकलेलें असून उजेडासाठीं चार लहान चौक तेवढे उघडे ठेवले आहेत. तुर्कस्तानांत बुर्सा येथें त्याच शतकाच्या अखेरीस वीस घुमटांची उलू मशीद बांधली गेली. तीहि छपराखालील मशीद होय. मोठ्या सभागृहावर अनेक घुमट कसे पेलावे, हा त्या काळच्या कारागिरांपुढील जिवंत प्रश्न होता, आणि गुलबर्ग्यानें त्याचें स्वतःचें असें उत्तर दिलें.

या उत्तराचें अनुकरण मात्र पुढें झालें नाहीं. राजधानी पंधराव्या शतकांत बेदरास गेली. विजापूरची मोठी जामा मशीद सोळाव्या शतकांत सुरू झाली, ती पुन्हां मोकळ्या अंगणाची. मशिदीचा हा आराखडा एकाकी राहिला. परंतु रुंद कमानीची आवड दख्खनच्या पुढील बांधकामांत टिकून राहिली.

याच राज्यांत दख्खनी भाषेचीहि वाढ झाली. त्या भाषेंत शब्दावर जोर देण्यासाठीं जो ‘इच’ लागतो, तो मराठीच्या ‘च’ कारावरून आलेला आहे. उत्तरेकडून आलेली बोली येथील माणसांच्या तोंडीं रुळली आणि तिला या मातीचा हेल चढला. म्हणून कोणी तिला दिल्लीच्या बोलीची नक्कल म्हणत नाहीं. मशिदीलाहि तोच न्याय लावावयास हवा. तिचा बांधणारा इराणी घराण्याचा, तिच्या घुमटांचें कांहीं नातें दिल्लीशीं, आणि तिचा निश्चय व आकार दख्खनचा. २०१४ सालीं दख्खनच्या सुलतानशाहींचीं स्मारकें जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत घालण्यांत आलीं, त्यांत गुलबर्ग्याच्या बहमनी इमारतींचा समावेश आहे. पण यादींतील नोंदीनें लोकांच्या तोंडचें वाक्य बदलत नाहीं. तें पाहणारांनींच बदलावें लागतें. गाणगापूरच्या यात्रेंत एक दिवस अधिक काढून जो कोणी किल्ल्यांतील त्या ओवरींत क्षणभर उभा राहील, त्याला कॉर्डोव्हाचें नांव घेण्याचें प्रयोजन उरणार नाहीं.