तरणतलाव बांधला, मुलं कुठे आहेत?

अमेरिकेत सरकारी शाळा मिळते ती घराच्या पत्त्यावर. वस्त्याच गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वेगळ्या, म्हणून शाळाही वेगळ्या. १९५४ साली ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून मुलं वेगळी बसवणं घटनाबाह्य ठरवलं, पण निकालाने वस्त्या थोड्याच हलतात? मग मुलांनाच बसने दुसऱ्या वस्तीत न्यायचे हुकूम निघाले. १९७४ मध्ये बोस्टनमध्ये त्या बसगाड्यांवर दगड पडले.

मॅग्नेट शाळा, म्हणजे दूरच्या मुलांनाही चुंबकासारखी आपणहून ओढून घेणारी शाळा, हा त्यावरचा मवाळ तोडगा. १९६८ मध्ये टकोमा शहरातल्या मॅकार्व्हर प्राथमिक शाळेपासून त्याची सुरुवात मानतात. तिथली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. शाळेने प्रत्येकाला आपापल्या गतीने शिकू द्यायचं ठरवलं आणि शहरभरच्या पालकांना बोलावलं. पुढे कुठे विज्ञान, कुठे नाट्य-संगीत, कुठे सगळे विषय फ्रेंचमधून, अशा शाळा निघाल्या. फी नाही, अर्ज जास्त आले तर बऱ्याच ठिकाणी सोडत.

या कल्पनेची खरी परीक्षा झाली कॅन्सस सिटीत. १९८५ पासून न्यायमूर्ती रसेल क्लार्क यांनी तिथल्या शाळांचा कायापालट करायचे आदेश दिले. जवळजवळ दोन अब्ज डॉलर खर्च झाले. सेंट्रल हायस्कूलला नवी इमारत, ऑलिम्पिक मापाचा तरणतलाव, संगणक, तलवारबाजीचे धडे! उपनगरातल्या मुलांना आणायला टॅक्सीसुद्धा. एवढं करून गोरी मुलं आली ती अगदीच थोडी, आणि शिकणाऱ्यांचे गुणही फारसे वाढले नाहीत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उपनगरातली मुलं ओढून आणण्यासाठी असे आदेश देणं न्यायाधीशाच्या अधिकारात बसत नाही. माझ्या मते घोटाळा मुळातच होता. आईबाप तलाव पाहून शाळा निवडत नाहीत; आपल्या मुलाशेजारी कोण बसणार, हे ते आधी पाहतात. आपल्याकडेही, बोलत नाही इतकंच.

आणि ज्या मॅग्नेट शाळांत प्रवेश परीक्षेवर होता, तिथे ओढ इतकी वाढली की दार अरुंद पडलं. व्हर्जिनियातली थॉमस जेफरसन हायस्कूल ही १९८५ साली सुरू झालेली विज्ञानाची शाळा. तिच्या परीक्षेसाठी शिकवण्या लावणाऱ्यांत भारतीय घरं पुष्कळ. २०२० मध्ये शाळा मंडळाने ती परीक्षा आणि शंभर डॉलरचं अर्जशुल्क रद्द केलं, भागातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेला काही जागा राखून दिल्या. प्रवेश मिळालेल्यांत आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४वर आलं. पालक कोर्टात गेले. त्यांची चीड मला समजते. पण गरीब वस्तीतल्या ज्या मुलाला ही शाळा आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्या वतीने कोर्टात कोण जाणार होतं? खालच्या न्यायालयात पालक जिंकले, अपिलात हरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि नवी पद्धत कायम राहिली.