पदवीचं नाव बघू नका, तिने कोणतं दार उघडतं ते बघा

(पाटण येथे बारावी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर डेटाशीच गाठ असते. त्यामुळे अलीकडे आपल्या भागातली मुलं-मुली मला विचारतात, "भाई, पोलिसांसाठी गुप्तवार्ता विश्लेषण करायचं असेल तर कॉलेज कोणतं घ्यावं?" आज त्यावरच बोलतो.

आधी काम समजून घेऊ. प्रत्येक पोलीस ठाण्यात 'गोपनीय'चं काम बघणारा पोलीस असतो, तो तुम्हाला माहीत आहे. तो माहिती आणतो. विश्लेषक ती तपासतो. कॉल रेकॉर्ड, बँकेचे व्यवहार, जुने एफआयआर, खबऱ्याने सांगितलेली गोष्ट हे सगळं जुळवून तो अधिकाऱ्याला सांगतो की, साहेब, एवढं ठामपणे म्हणता येतं, एवढी नुसती शक्यता आहे आणि एवढ्याला काहीच आधार नाही. यासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे. माहिती देणारा किती भरवशाचा, याला ए ते एफ अशी श्रेणी देतात. माहिती किती खरी वाटते, याला १ ते ६. दोन्ही वेगवेगळं तोलायचं, कारण भरवशाचा माणूसही चुकतो आणि लबाड माणूसही कधी खरं बोलतो.

हे तोलणं नीट झालं नाही तर काय होतं? ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेलेले बहुतेक मुस्लिम होते आणि पकडलेले नऊ जणही मुस्लिम. त्यातले बहुतेक जण पाच वर्षांनी, २०११ मध्ये, जामिनावर बाहेर आले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तोपर्यंत एकाचा मृत्यू झाला होता. स्फोटात ज्यांची माणसं गेली त्यांनाही इतकी वर्षं न्याय मिळाला नाही. कच्च्या माहितीला 'ही कच्ची आहे' असं लिहिणारा माणूस तिथे हवा. तो कोणत्याही धर्माचा असो. पण आपल्यातूनही काही जण तिथे असायला हवेत.

"आपल्या पोरांना तिथे कोण घेतंय?" असं काही चाचा म्हणतील. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आयपीएसमध्ये मुस्लिम ४ टक्के होते, लोकसंख्येत १३.४ टक्के. पण त्याच अहवालातली दुसरी नोंद आपण वाचत नाही. २००३ आणि २००४ च्या नागरी सेवा लेखी परीक्षेला बसलेल्यांत मुस्लिम फक्त ४.९ टक्के होते, आणि जे बसले त्यांचं यशाचं प्रमाण इतरांइतकंच होतं. भेदभाव नाही असं मी म्हणत नाही. पण फॉर्मच भरला नाही तर निवड कशी होणार?

आता कॉलेज. पहिली गोष्ट, या नोकऱ्यांना 'गुप्तवार्ता विश्लेषण' नावाची पदवी लागत नाही. इंटेलिजन्स ब्युरोच्या असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर पदाला कोणतीही पदवी चालते. वयोमर्यादा साधारण २७, मागासवर्गीयांना सवलत. एमपीएससीतून पीएसआय व्हायलाही कोणतीही पदवी चालते. त्यामुळे संख्याशास्त्र, संगणक, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी काही घेऊन पाटण, कराड किंवा साताऱ्यात बीए, बीएस्सी केलं तरी हे दार उघडं असतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

याच विषयात शिकायचं असेल तर दोन केंद्रीय विद्यापीठं आहेत, दोन्ही गांधीनगर परिसरात: राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ. दोघांनाही २०२० च्या कायद्यांनी राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पहिल्याचं केंद्र गोव्यातही आहे, ते आपल्याला जवळ. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. पदवीनंतर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयात एमए करता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, त्यामुळे या शिक्षणाची गरज वाढणार. त्याच वर्षी राज्य सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची 'मार्वल' ही कंपनी नागपुरात काढली. यंत्राने दाखवलेला संशयित खरंच संशयित आहे का, हे विचारणारा माणूस तिथेही लागेल.

परदेशाचं सांगतो. अमेरिकेत मर्सीहर्स्ट विद्यापीठात हा विषय १९९२ पासून शिकवतात, अभ्यासक्रम चांगला आहे. पण एफबीआयच्या नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. जमीन गहाण टाकण्याआधी पालकांनी एवढं विचारावं की ही पदवी घेऊन पोरगं काम कुठे करणार.

आणि जाहिरातीला भुलू नका. प्रवेशाआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव तपासा. बोगस विद्यापीठांच्या यादीत नागपूरच्या 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी'चं नाव अनेक वर्षं आहे. कॉलेजला तीन प्रश्न विचारा: मान्यता कोणाची? संख्याशास्त्र, संगणक आणि पुराव्याचा कायदा हे तिन्ही शिकवता का? गेल्या तीन वर्षांतली मुलं आज कुठे काम करतात? तिसऱ्या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळालं नाही तर उठून या.

एक कागदाचं काम. आपल्यातल्या तांबोळी, आतार, मोमीन, बागवान अशा अनेक घरांना ओबीसी सवलत मिळू शकते. आपलं नाव राज्याच्या आणि केंद्राच्या, दोन्ही याद्यांत बघा. केंद्राच्या नोकरीसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो. नॉन-क्रिमीलेअरसाठी तहसील कार्यालयात आत्ताच अर्ज करा, जाहिरात निघाल्यावर धावपळ नको.

मुलींनो, हे टेबलावरचं, अभ्यासाचं काम आहे. त्यात तुम्ही मागे राहण्याचं कारण मला दिसत नाही. आणि मराठी, उर्दू, हिंदी या तीन भाषा आपल्या घरात फुकट मिळतात. विश्लेषकाला त्या शिकायला वर्षं लागतात.

कोणाला कॉलेजांची यादी घेऊन बसायचं असेल तर मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे. मार्कशीट सोबत आणा.