अंगठ्याची जखम

सुश्रुतसंहितेत 'चिप्प' नावाच्या नखविकाराची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. ज्याच्या पायाच्या अंगठ्याचे नख कडेच्या मांसात रुतले आहे, त्याला हे वर्गीकरण पटणे कठीण. त्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. अखेरीस तो शल्यवैद्याकडे जातो. बोट बधिर करून नखाची रुतलेली कड तेवढी काढतात आणि ती पुन्हा उगवू नये म्हणून पुष्कळदा तिच्या मुळाशी फिनॉल लावतात. थोड्याच वेळात रुग्ण आपल्या पायांनी घरी येतो आणि समजतो, प्रकरण मिटले. वस्तुतः मिटलेले असते ते शल्यवैद्याचे काम. घरच्यांचे तेथून सुरू होते.

बधिरता काही तासांत उतरते आणि ठसठस जाणवू लागते. त्या दिवशी पाय उशांवर उंच ठेवून पडून राहावे. अंगठ्यासाठी रजा मागण्याचा संकोच आपल्या कचेऱ्यांतून फार आढळतो. तो अनाठायी आहे. पट्टीवर रक्ताचा डाग दिसला तर घाबरू नये. रक्त वाहतच राहिले तर दहा मिनिटे दाबून धरावे. पहिली पट्टी सोडताना ती जखमेला चिकटलेली आढळते. ती ओढू नये, कोमट पाण्याने भिजवून सोडवावी.

खरा घोटाळा होतो तो यापुढे. फिनॉल म्हणजे जुने कार्बॉलिक आम्ल. १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी ते जखमांतील जंतूंच्या नाशासाठी वापरले. येथे मात्र त्याच्याकडून नखाचे मूळ जाळण्याचे काम करून घेतात. म्हणजे ही जखम कापल्याची कमी आणि भाजल्याची अधिक असते. त्यामुळे तिच्यातून दोन ते चार आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, पातळ पिवळसर स्राव येत राहतो. त्यालाच पू समजून घरोघरी उपचार सुरू होतात. कोणी हळद-चुना भरतो, कोणी तंबाखू दाबतो, तर कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून उसळणाऱ्या फेसाकडे समाधानाने पाहतो. तो फेस नव्याने येणाऱ्या पेशींनाही इजा करतो.

जखमेला वारा लागू द्या, खपली धरू द्या, हा सल्लाही असाच वडिलोपार्जित. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकराच्या त्वचेवरील प्रयोगातून दाखवून दिले, की ओलावा राखून झाकलेल्या जखमेवर उघड्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने नवी त्वचा पसरते. कोरड्या खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते, हे त्याचे कारण. तेव्हा डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर रोज स्वच्छ पाण्याने जखम धुवावी, हलक्या हाताने टिपावी, व्हॅसलिनसारखे साधे मलम लावून न चिकटणारी पट्टी बांधावी. पट्टी सैल हवी. बोटाभोवती आवळलेली पट्टी रक्तप्रवाह अडवते. कोल्हापुरी चपलेचा अंगठा नेमका दुखऱ्या जागी घासतो, म्हणून काही आठवडे ती चप्पल दूर ठेवावी.

स्राव आणि पू यांतील भेद कसा ओळखावा? वेदना दिवसागणिक उतरायला हवी. दोन-तीन दिवसांनंतर ती उलट वाढू लागली, लाली बोट ओलांडून पावलाकडे पसरली, घट्ट दुर्गंधीयुक्त पू आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मधुमेह्यांना मात्र ही कसोटी लागू पडत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात त्यांची संख्या १० कोटींहून अधिक आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांतील नसा बधिर झालेल्या असतात. दुखत नाही म्हणून ते अनवाणी देवदर्शनालाही जातात, आणि अंगठ्याची जखम हाडापर्यंत पोचते. कधी पाऊल कापावे लागते. अशांनी नख घरी कोरू नये. शस्त्रक्रियेपूर्वी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा आणि नंतर रोज उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी किंवा घरच्यांकडून जखम पाहावी. तंबाखूच्या धुराने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून विडी-सिगारेट तर सर्वांनीच या काळात वर्ज्य करावी.

पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते. संपूर्ण नख काढले असेल, तर ते पुरे यायला बारा ते अठरा महिने लागतात. फिनॉल लावलेली कड बहुधा परत येत नाही. नख कायमचे थोडे अरुंद दिसते. उरलेले नख कापताना ते सरळ आडवे कापावे आणि कोपरे तसेच राहू द्यावेत.