‘कशाला जायचंय?’

(रेवदंडा येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

‘प्रवास आणि बघण्यासारखी ठिकाणं’ हा विषय मी निवडला तेव्हा एका सहकाऱ्यानं मला विचारलं, “बायकांच्या मेळाव्यात हे कशाला? दारू, हुंडा, मारहाण संपली का?” संपली नाही, म्हणूनच हा विषय घेतला. मार खाऊनही बाई घरातून का निघत नाही, याची कारणं आमच्या कामात रोज ऐकायला मिळतात. हातात पैसा नाही, माहेरचा आधार नाही, ही मोठी कारणं आहेतच. त्यांच्या मागे एक बारीक कारण दडलेलं असतं. ती कधी एकटी एस.टी.त बसलेलीच नसते. अलिबागला कोर्ट कुठे आहे, परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, रात्र झाली तर कुठे थांबायचं, यातलं काही तिला ठाऊक नसतं. रस्ता माहीत नसलेल्या बाईला ‘निघून ये’ म्हणणं सोपं आहे. ती निघणार कशी?

गेल्या शिबिरात आम्ही एक खेळ घेतला. कागदाच्या मध्यावर आपलं घर काढायचं आणि वर्षभरात जिथे जिथे गेलो तिथपर्यंत रेघ ओढायची. रेघेवर जाण्याचं कारण लिहायचं. रेघा भरपूर निघाल्या. कारणं मात्र तीच ती : माहेर, लग्न, मयत, बाळंतपण, दवाखाना, बाजार, देव. एकीनं मुंबईपर्यंत लांबलचक रेघ ओढली होती. विचारलं तर म्हणाली, “जावेच्या ऑपरेशनला. आठ दिवस होते. हॉस्पिटलच्या खिडकीतून मुंबई बघितली.” सगळ्या हसल्या, तीही हसली. मग आम्ही विचारलं, नुसतं बघायला म्हणून कोण कुठे गेलं? शिबिरात शांतता झाली. शेवटी एक आजी म्हणाल्या, “वारीला गेले होते की.” त्यांचं खरं आहे. पंढरीच्या नावावर आपल्या आज्या-पणज्या घराबाहेर पडल्या, चालल्या, उघड्यावर झोपल्या, मोठ्यानं गायल्या. पण तिथेही देवाचं कारण होतंच.

आपली भाषाच बघा ना. पुरुष हिंडला तर ‘त्याच्या पायाला भिंगरी आहे’ म्हणतात, आणि त्यात कौतुक असतं. बाई हिंडली तर ती भटकभवानी. ‘फिरणारी बाई’ या दोन शब्दांचा अर्थ काय होतो तो इथे सांगायला नको. ‘फिरणारा पुरुष’ म्हटलं तर फार तर वाटतं, सेल्समन असेल.

आता या गावाचं बघू. रेवदंडा म्हणजे लोकांनी बघायला यायचं ठिकाण. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, किनाऱ्यावर फोटो निघतात, तुमच्या हातचे घावन, सोलकढी आणि तळलेली सुरमई खाऊन माणसं तृप्त होऊन जातात. हे येणं आजचं नाही. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन शेजारच्या चौल बंदरात उतरला. इथल्या हायस्कूलच्या आवारात त्याचं स्मारक आहे, तुमच्या मुली रोज त्याच्यावरून जातात. त्यानं प्रवासवर्णन लिहिलं, त्यात आपण बायकाही आहोत : डोकं उघडं, छाती उघडी, केसांची एक वेणी आणि दरवर्षी मूल! गोरा माणूस बघायला लोक माझ्या मागे यायचे, असंही त्यानं लिहिलंय. म्हणजे चौलच्या बायांनीही त्याला चांगला निरखून बघितला असणार. त्यांना काय दिसलं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. प्रवासवर्णनांत आपण खूप आहोत, पण बघणाऱ्या म्हणून नाही, दिसणाऱ्या म्हणून. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी कोट बांधला, 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. ते सगळं शाळेच्या पुस्तकात आहे, मी त्यात शिरत नाही.

याच किनाऱ्यावर एक वेगळी गोष्ट मात्र सांगतात. नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, तेच आपल्या बेने इस्राएलींचे पूर्वज, अशी त्यांची परंपरा आहे. फार थोड्या कथांमध्ये बायका अशा मोजलेल्या असतात! तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ते शनवार तेली. चेऊलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं आपल्याच गावांची. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग अजून उभं आहे. 1948 मध्ये इस्राएल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. तिथे त्यांचं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. त्या बायकांनी कायमचा प्रवास केला. निघताना त्यांना विचारलं गेलं का, हा प्रश्न मला पडतो.

आणि आता जिच्यासाठी मी हे भाषण करायचं ठरवलं, तिच्याकडे येते. आनंदीबाई जोशी. मूळ कल्याणची मुलगी. नवरा गोपाळराव पोस्टात होते, त्यांची बदली अलिबागला झाली, म्हणून ती काही काळ इथून हाकेच्या अंतरावर राहिली. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. पुढे बदल्या होत होत ती बंगालमध्ये श्रीरामपूरला पोचली. डॉक्टर व्हायला अमेरिकेला जायचं ठरलं आणि गावभर चर्चा सुरू झाली. तेव्हा फेब्रुवारी 1883 मध्ये तिनं तिथल्या कॉलेजच्या सभागृहात उभं राहून लोकांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरं दिली. वय पुरं अठराही नव्हतं. प्रश्न कोणते होते, ऐका. अमेरिकेला कशाला जायचं? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का जातेस? परत आल्यावर वाळीत नाही का टाकणार? तिकडे काही संकट आलं तर? आणि शेवटचा : आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तू का करतेस?

मैत्रिणींनो, हे प्रश्न ओळखीचे वाटतात ना? उद्या तुम्ही घरी म्हणालात की आम्ही चौघीजणी दोन दिवस महाडला जातोय, तर हेच सहा प्रश्न याच क्रमानं येतील. फक्त ‘अमेरिका’ काढून ‘महाड’ घाला. एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसली. तिच्या पदवीदान समारंभाला मार्च 1886 मध्ये पंडिता रमाबाई हजर होत्या. या रमाबाईंनी लहानपणापासून आईवडिलांबरोबर आणि नंतर भावाबरोबर हिंदुस्थान पायी तुडवला होता. अमेरिका हिंडून आल्यावर त्यांनी 1889 मध्ये मराठीत तिथली लोकस्थिती आणि आपलं प्रवासवृत्त लिहिलं. तिथल्या बायकांच्या संघटना कशा चालतात हे त्यांनी कौतुकानं लिहिलं, आणि काळ्या माणसांना कसं वागवतात तेही लिहिलं. बघणारी बाई अशी असते.

आनंदीबाई परत आली ती आजार घेऊन, आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात गेली. तिची रक्षा तिला लेकीसारखं ठेवणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी नावाचं गाव आहे, तिथल्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत तिच्या नावाचा दगड आहे. तुमच्यापैकी कुणाची मुलगी-सून अमेरिकेत असेल आणि बाळंतपणाला बोलवत असेल, तर जा. पण सहा महिने तिच्या स्वयंपाकघरात काढून परत येऊ नका. एक दिवस मागून घ्या आणि तो दगड बघून या.

पण आधी जवळचं. महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. 1927 च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायला माणसं गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. अलिबाग तालुक्यातलं चरी बघा. तिथे खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप 1933 ते 1939, सहा वर्षं चालला. सहा वर्षं जमीन पिकवायची नाही, तर चूल कशी पेटली असेल? ते तिथल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांनी आपल्या आयांकडून ऐकलेलं असेल.

अडचणी मला माहीत आहेत. पैसा म्हणाल, तर मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालंय. घरचे अजून त्याचा उपयोग बाजाराला पाठवण्यासाठीच करतात, तो भाग वेगळा! संडासाची सोय हा खरा प्रश्न आहे. कित्येकजणी प्रवास करायचा म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, असं करू नका. मुक्कामाची जागा आधी फोन करून ठरवा. मला एका शहरात लॉजवाल्यानं ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ म्हणून रात्री साडेनऊला परत पाठवलं होतं. चौघी असलात की तो बोलायला धजत नाही.

आणि पासपोर्ट काढून ठेवा. हसू नका. डिसेंबर 2016 मध्ये नियम बदलले. आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं, लग्नाचा दाखला मागत नाहीत, घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या बाईवर नवऱ्याचं नाव लिहायची सक्ती नाही. टाकून दिलेल्या बाईला स्वतःच्या नावाचा, फोटोचा एक सरकारी कागद मिळतो, ज्यावर त्याचा मागमूसही नाही. परदेशी जायचं नसलं तरी चालेल. आमच्या गटातल्या दोघींनी काढलाय. एकीनं तो पिठाच्या डब्यात ठेवलाय.

खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला रोज दिसतो. मघाशी मी विचारलं, किती जणी वर चढल्यात, तर पाचच हात वर झाले. पायथ्याच्या गावात पोर्तुगीजांच्या काळापासूनची एक वेगळीच बोली घराघरांत टिकून आहे, ती आयांनी पोरांशी बोलून टिकवली. तेव्हा पहिली सहल तिथेच. येत्या रविवारी सकाळी सात वाजता स्टँडवर जमायचं, साळावच्या पुलावरून जायचं. दीपगृहाच्या बाजूनं पायऱ्या आहेत. पायात रोजच्या वापरातली चप्पल, बरोबर पाणी आणि भाकरी. रविवारी पाहुण्यांची गर्दी असते हे मला कळतं. त्या दिवशी चुलीपाशी कोण उभं राहणार ते घरात आजच सांगून ठेवा. पोरांना आणायचं नाही. कुणी विचारलं कशाला जायचंय, तर सांगा, बघायला.